धातुशोधक यंत्र : निवड, जुळवणी आणि जागेचा विवेक

आमच्या शाळेच्या मैदानाचा सखल कोपरा काही वर्षांपूर्वी भराव टाकून सपाट करण्यात आला. तो भराव कोठून आला याची चौकशी त्या वेळी कोणी केली नाही. पहिला पावसाळा सरला, वरची माती वाहून गेली आणि त्या कोपऱ्यात गंजलेले खिळे, सळईचे तुकडे, बांधणीची तार, नट, वायसर आणि लेथवर निघणारा लोखंडी कीस वर आला. औद्योगिक पट्ट्यातला राडारोडा दुसरे काय घेऊन येणार? खो-खोच्या सरावात एका मुलाच्या तळपायात दीड इंचाचा खिळा शिरला. धनुर्वाताचे इंजेक्शन झाले, टाके पडले आणि त्या रात्री वसतिगृहाचे अधीक्षक त्याच्या उशाशी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मुलांना चपला घालून ओळीने उभे केले आणि दोन बादल्या लोखंड वेचले. पुढच्या पावसानंतर पुन्हा तेच.

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीस असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्याच्या कानावर ही हकिगत गेली आणि त्याने शाळेला एक धातुशोधक यंत्र भेट दिले. साध्या बोलीत मेटल डिटेक्टर. विज्ञान शिक्षकांनी आणि आम्ही मिळून ते शिकून घेतले. मैदान पुष्कळसे साफ झाले, पण एक नवाच प्रश्न उभा राहिला. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात चार-पाच तरुण आमच्याजवळ आले आणि त्यांतला एक म्हणाला, "सर, हे यंत्र घेऊन एकदा घोरावडेश्वरला जाऊ या. लेण्यांच्या पायथ्याशी काहीतरी नक्की मिळेल. आपला इतिहास आपणच शोधायला हवा ना?"

प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या पूर्वजांच्या खुणा जमिनीखाली गाडल्या गेल्या आहेत ही भावना आपल्या समाजात खोलवर आहे आणि ती निराधार नाही. म्हणूनच त्या तरुणाला दोन वाक्यांत वाटेला लावणे आम्हांला योग्य वाटले नाही. यंत्र कसे निवडावे, कोणत्या जागेत ते कसे जुळवावे आणि कोणत्या जागेत ते पिशवीतून बाहेरच काढू नये, हे सारे स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडत आहोत.

यंत्राचे तत्त्व फार कठीण नाही. दांड्याच्या टोकाला असलेल्या चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यालाच कॉइल म्हणतात. त्यातून बदलता विद्युत्प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते क्षेत्र जमिनीतील धातूवर पडले की त्या धातूत क्षीण प्रवाह फिरू लागतात. त्या प्रवाहांचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र दुसरे वेटोळे टिपते आणि यंत्र आवाज करते. दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. यंत्राला धातूखेरीज इतर वस्तूंतले जवळजवळ काहीच कळत नाही. दगड, वीट, मडके, हाड, लाकूड, शंख हे त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतात.

या यंत्राच्या इतिहासातली एक गोष्ट आम्ही वर्गात नेहमी सांगतो. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. गोळी शरीरात कोठे अडकली आहे ते डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी घाईने एक धातुशोधक उपकरण तयार केले. उपकरण चालत होते, पण राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्याखाली पोलादी स्प्रिंगा होत्या आणि त्यांनी आवाजाचा घोळ केला. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे असे मुख्य डॉक्टरांचे ठाम मत असल्याने शोधही त्याच बाजूस झाला. गोळी डावीकडे होती. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड मरण पावले. यंत्र उत्तम असूनही भोवतालचे लोखंड आणि शोधणाऱ्याचा पूर्वग्रह त्याला कसे आंधळे करतात, हे यात दिसते. पुढे १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात पोलिश अधिकारी कोसात्स्की याने तयार केलेली सुरुंगशोधक यंत्रे ब्रिटिशांच्या आठव्या सैन्याने वापरली आणि या साधनाचे महत्त्व जगाला कळले. आज चैत्यभूमीवर किंवा मॉलच्या दारात आपण ज्या चौकटीतून जातो तीही याच कुळातली.

आता निवडीकडे वळू. बाजारात खेळण्याच्या किमतीपासून मोटारसायकलच्या किमतीपर्यंतची यंत्रे मिळतात आणि विक्रेता पहिली गोष्ट सांगतो ती खोलीची: "दहा फूट खाली सोने दाखवते." यावर विश्वास ठेवू नये. हाताने फिरवण्याच्या साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर खोलीपर्यंतच नीट ऐकू येते. मोठा पत्रा किंवा हंडा त्याहून खाली कळतो, पण तेथेही मर्यादा आहेच. स्थूलमानाने कॉइलचा व्यास जेवढा, तेवढीच नाण्याची खोली, हा अंदाज फारसा चुकत नाही.

यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिला व्हीएलएफ, म्हणजे अतिनिम्न वारंवारितेचा. हा बहुधा पाच ते वीस किलोहर्ट्झच्या आसपास चालतो आणि परत आलेल्या लहरीवरून धातू लोखंडी आहे की तांबे-चांदीसारखा सुवाहक आहे याचा अंदाज देतो. कमी वारंवारिता चांदी-तांब्याला आणि थोड्या अधिक खोलीला बरी, तर जास्त वारंवारिता बारीक वस्तूंना. हल्ली एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी यंत्रेही मिळतात. दुसरा प्रकार पल्स इंडक्शनचा. तो प्रवाहाचे ठोके सोडतो, आणि समुद्राची खारट ओली वाळू किंवा खनिजयुक्त लाल जमीन त्याला फारशी फसवू शकत नाही. मात्र लोखंड आणि इतर धातू यांतला भेद त्याला नीट करता येत नाही. आमच्यासारख्या शाळेला पहिला प्रकार पुरेसा आहे. कोकण किनाऱ्यावर हरवलेली अंगठी शोधायची असेल तर दुसऱ्याचा विचार करावा.

कॉइलच्या बाबतीत मात्र कंजूषी करू नये. आमच्याकडे दोन आहेत, एक सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटरची आणि एक पंधराची. मोठी खोल पाहते आणि मोकळ्या शेतात भराभर काम उरकते, पण जेथे हातभर जागेत दहा खिळे पडले आहेत तेथे ती दहांचा मिळून एकच गोंगाट ऐकवते. लहान कॉइल उथळ पाहते, पण एकेक वस्तू वेगळी दाखवते. आमच्या भरावाच्या कोपऱ्यात लहान कॉइल लावल्यावरच काम पुढे सरकले. कॉइलची अंतर्रचनाही पाहावी. डबल-डी प्रकारच्या कॉइलचे क्षेत्र सुरीच्या पात्यासारखे अरुंद पडते आणि आपल्या दख्खनच्या जमिनीत ते अधिक स्थिर राहते.

आपली जमीन हा या विषयाचा खरा गाभा आहे, आणि परदेशी माहितीपुस्तिका येथेच तोकड्या पडतात. मावळातला काळा पाषाण हा बेसाल्ट. त्यात लोहयुक्त चुंबकीय खनिज असते आणि तो झिजून झालेल्या मुरमातही ते उतरते. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने आपली सारी जमीनच थोडीशी लोखंडी. कारखान्यातून आलेले यंत्र तसेच चालू केले तर ते मुरमावर सतत कुरकुरत राहते आणि शिकाऊ माणूस पाच ठिकाणी खणून कंटाळतो. त्यावर उपाय ग्राउंड बॅलन्सचा. प्रथम खाली धातू नाही अशी हातभर जागा निवडावी. कॉइल वीतभर उंच धरून जमिनीच्या तीन-चार सेंटिमीटरवर आणावी, पुन्हा उचलावी, पुन्हा आणावी. खाली येताना आवाज चढत किंवा पडत असेल तर बटण थोडे थोडे फिरवावे, आणि वर-खाली दोन्हीकडे आवाज सारखा लागला की थांबावे. काही यंत्रे हे आपोआप करतात, तरीही हाताने पडताळून पाहावे. मुरमावरून काळ्या मातीत गेलो, किंवा कोरड्या मातीवरून ओल्यात गेलो, की हे पुन्हा करायचे. आमचे विद्यार्थी प्रत्येक वीस पावलांनी ते करतात. सुरुवातीला त्यांना कंटाळा येई, आता सवय झाली आहे.

यानंतर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनक्षमता. ती शेवटपर्यंत चढवली की यंत्र खोल पाहील असे वाटते, पण घडते उलटेच. उच्चदाबाच्या तारा, विजेवरची रेल्वे, जवळचे रोहित्र, खिशातला मोबाइल, सगळे त्यात बोलू लागतात. आवाज स्थिर होईपर्यंत ती खाली आणावी, मग कॉइल जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवावी आणि प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर निम्मा चढवावा. हात वळताना कॉइल दोन्ही टोकांना उचलली जाते, ही सर्वांची पहिली चूक. दुसरी चूक आमच्या एका कामगार पालकांनी हसत दाखवून दिली. ते पोलादी टोपीचे सेफ्टी शूज घालून यंत्र फिरवत होते आणि यंत्र त्यांच्याच पायाला हाक मारत होते.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे धातूंची निवड किंवा गाळणी, यावर थोडे थांबले पाहिजे. जगभरच्या हौशी शोधकांना एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे लोखंड बंद करा. लोखंडाचा आवाज दाबून टाकला की फक्त तांबे, चांदी, सोने ऐकू येते. आम्हांला मैदानात नेमके लोखंडच हवे होते, म्हणून आम्ही ती गाळणी पूर्ण उघडी ठेवली. पण त्या निमित्ताने इतिहासाचे शिक्षक म्हणून एक विचार मनात आला तो सांगतो. विदर्भात माहुरझरी येथील शिलावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्यांचे साज मिळाले. नायकुंड येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विळा, कुऱ्हाड, छिन्नी, नांगराचा फाळ, खिळा ही सारी कष्टकऱ्यांची साधने लोखंडाचीच. ज्याने यंत्रातले लोखंड बंद केले त्याने श्रम करणाऱ्यांचा इतिहास आधीच कचऱ्यात टाकला आणि राजाच्या नाण्याची वाट पाहत बसला. शिवाय गाळणी फसवीही असते. चॉकलेटचा चंदेरी कागद आणि सोन्याची पातळ अंगठी यांचे आकडे पडद्यावर जवळजवळ सारखे येतात. गंजलेले पत्र्याचे बूच कधीकधी चांगल्या धातूचा आव आणते.

हे सारे कागदावर वाचून कळत नाही. म्हणून शाळेच्या मागील बाजूस आम्ही एक 'चाचणी वाफा' केला आहे. त्यात खिळा, दहा रुपयांचे नाणे, पितळी किल्ली, अॅल्युमिनियमचा तुकडा, स्टेनलेस स्टीलचा चमचा अशा वस्तू पाच, दहा, पंधरा आणि वीस सेंटिमीटर खोलीवर पुरल्या आणि नकाशा वहीत काढून ठेवला. आमच्या मुरमात मोठ्या कॉइलने नाणे पंधरापर्यंत निश्चित ऐकू आले. वीसला एकदा येई, एकदा न येई. चमच्याने सर्वांना चकवले, कारण स्टेनलेस स्टील या यंत्राला फार क्षीण दिसते. पाऊस पडून गेल्यावर आकडे बदलतात तेही मुलांनी नोंदवले. ज्या कोणा शाळेला यंत्र घ्यायचे असेल तिने प्रथम हा वाफा करावा. आणि एक कबुलीही दिली पाहिजे. वरवर पडलेले खिळे व कीस उचलण्यासाठी या महागड्या यंत्रापेक्षा दोरीला बांधून ओढलेला मोठा लोहचुंबक अधिक उपयोगी पडला. यंत्र कामाला आले ते मातीखालच्या सळयांसाठी.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. मैदान आमचे, भराव कालचा, वस्तू टाकाऊ. तेथे खणण्यात कोणाची साक्ष बिघडत नव्हती. डोंगराचे तसे नाही.

देहूरोडजवळच्या घोरावडेश्वर डोंगरावर, ज्याला अभ्यासक शेलारवाडीची लेणी म्हणतात, तेथे एका ब्राह्मी लेखात धेनुकाकट येथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी गृहस्थाची पत्नी सियागुतनिका हिने आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिल्याचे कोरलेले आहे. शेतकऱ्याच्या घरातील एका स्त्रीचे नाव सुमारे अठराशे वर्षे त्या खडकावर टिकले आहे. आमच्या मते मावळातला हा सर्वांत मोलाचा ठेवा आहे, आणि धातुशोधक यंत्र त्यावरून शंभर वेळा फिरवले तरी ते चकार शब्द काढणार नाही. जेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली त्या देहूरोडच्या मुलांना आम्ही दरवर्षी हा लेख दाखवायला नेतो, तो वही-पेन्सिल देऊन.

धातू बोलतो, पण तो कोठे, कोणाच्या सोबतीने आणि कोणत्या थरात होता हे ठाऊक असेल तरच. याचे उदाहरण आपल्याच प्रांतातले आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. सारी मुळात क्षहरात राजा नहपानाची, पण त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. साठा एकत्र राहिला, मोजला गेला, म्हणून नहपानाचा पराभव केवळ प्रशस्तीत उरला नाही, हिशेबाने सिद्ध झाला. आता कार्ल्याच्या चैत्यगृहात जा. नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील भिक्षुसंघाला करजिक गाव दिल्याचा लेख तेथे आहे, आणि तेच गाव त्याच संघाकडे पुढे चालू ठेवणारी सातवाहनांची आज्ञाही तेथेच आहे. ती मामाड, म्हणजे आपल्या मावळच्या अमात्याला उद्देशून आहे. राज्य बदलले, संघाचे दान अबाधित राहिले. खडकावरचे लेख आणि नाशिकची नाणी एकमेकांना दुजोरा देतात. तीच नाणी शंभर जणांनी वाटून घेऊन सराफाकडे वितळवली असती, तर आपल्या हाती किती उरले असते?

सोपाऱ्याचे उदाहरणही बोलके आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील विटांचा स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ बुद्धमूर्ती. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा असे एकात एक करंडक. सर्वांत आत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते, आणि ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानून श्रद्धेने जपलेले होते. कल्पना करा की तेथे यंत्र घेतलेला उतावीळ माणूस पोचला असता. त्याला तांबे ऐकू आले असते, सोने हाती लागले असते आणि मातीचे तुकडे त्याने झटकून टाकले असते. ज्यासाठी एवढा स्तूप रचला, तेच गेले असते. महाराष्ट्रात गुप्तधनाच्या लोभाने किती जुनी स्थळे पोखरली गेली याची आपल्याला कल्पना आहे. काही ठिकाणी त्या लोभापायी अघोरी विधीही झाले. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधाच्या निमित्ताने केलेल्या अशा कृत्यांचा उल्लेख आहे, तो उगीच नाही.

मग हे यंत्र इतिहासाला निरुपयोगीच का? तसे मुळीच नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्न येथे जून १८७६ मध्ये लाकोटा, शायान आणि अरापाहो या मूलनिवासी लोकांनी कस्टरच्या घोडदळाचा पराभव केला. शतकभर सांगितली गेली ती कस्टरच्या शेवटच्या वीरश्रीची कहाणी. मूलनिवासींच्या साक्षी असंबद्ध म्हणून बाजूला पडल्या. १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जळाले आणि पुढल्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी स्वयंसेवकांना धातुशोधक यंत्रे देऊन ओळीने चालवले. यंत्र वाजले की खणायचे नाही, तेथे झेंडी रोवायची. मागून येणारे लोक प्रत्येक काडतुसाचे स्थान व दिशा मोजत. काडतुसावरील आघाताच्या खुणेवरून एकच बंदूक रणांगणात कोठून कोठे सरकली हेही कळले. त्यातून उभे राहिलेले चित्र मूलनिवासींनी सांगितलेल्या हकिगतींशी पुष्कळ जुळले. कोरेगावच्या रणभूमीचा विचार हे वाचताना आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. पण लक्षात घ्या, तेथे यंत्र धरणारे हौशी लोक होते आणि योजना, परवानगी, मोजणी शास्त्रज्ञांची होती. आपल्या तरुणांना या मार्गाने जायचे असेल तर डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत पुरातत्त्व शिकावे. आमच्या शाळेतून एक जरी विद्यार्थी तेथे गेला तर आम्हांला हव्या त्या खजिन्याहून अधिक आनंद होईल.

कायद्याची माहिती आम्ही मुद्दाम देत आहोत, कारण जमीन खणण्याचे काम आपल्याच लोकांच्या वाट्याला येते. डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखली येथून २१६ मुघलकालीन सोन्याची नाणी ताब्यात घेतली. वजन दोन किलो तीनशे ग्रॅमहून अधिक. एका बांधकामाच्या खोदकामात ती मजुरांना मिळाली होती आणि कोणालाही न कळवता घरात ठेवली गेली होती. गरिबाच्या हाती अचानक सोने आले तर तो घाबरतो, लपवतो, आणि तेथेच तो अपराधी ठरतो. वास्तविक १८७८ चा निखात निधी अधिनियम काय म्हणतो? दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर वस्तूंचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख लिहून जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. चौकशीअंती ठेवा बेवारस ठरला आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. शासनाला तो ठेवा घ्यायचा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश देऊन घेता येतो. कळवले नाही तर वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. खणणाऱ्या मजुराच्या हक्काची ही तरतूद आहे आणि ती ठाऊक नसल्याने तो हक्क गमावतो. आमची पालकांना विनंती आहे की हा परिच्छेद कामाच्या ठिकाणी मोठ्याने वाचून दाखवावा.

याखेरीज १९५८ च्या कायद्याने कार्ले, भाजे, बेडसे यांसारख्या संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणता येत नाही. संरक्षित हद्दीपासून शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत. मोबाइलवर दिसणारी चित्रफीत बहुधा इंग्लंडमधली असते. तेथे जमीनमालकाच्या संमतीने हौशी शोध चालतो आणि सापडलेल्या वस्तू नोंदवण्याची व्यवस्था आहे. तो सल्ला उचलून मावळात लावता येत नाही.

राहिली आपल्या गावाची खास बाब. देहूरोड ही लष्करी छावणी. दारूगोळ्याच्या आगाराभोवती दोन हजार यार्डांचे रेड झोन आहे, त्याच्या झळा किवळे-तळवडे-निगडीच्या रहिवाशांना घरबांधणीत सोसाव्या लागतात. लष्करी हद्दीत किंवा सरावाच्या परिसरात यंत्र घेऊन जाणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठा धोका न फुटलेल्या दारूगोळ्याचा आहे. यंत्राला पितळी तांब्या आणि पितळी कवच सारखेच ऐकू येतात. भंगाराच्या चार पैशांसाठी अशी वस्तू ठोकून पाहणारे हात आम्हांला आपल्या मुलांचे नको आहेत. लांबट, नळकांड्यासारखी, गंजलेली, पंख असलेली वस्तू कोठेही दिसली, मग ती नदीकाठी असो वा भंगाराच्या ढिगात, तर हात लावू नये, यंत्र व मोबाइल बंद करून मागे सरावे, इतरांना दूर ठेवावे आणि दूरवरून ११२ ला कळवावे.

आमच्या शाळेतील यंत्र आता विज्ञान कक्षाच्या कपाटात असते आणि त्याच्यासोबत एक नोंदवही असते. तारीख, जागा, जमिनीचा प्रकार, कॉइल, जुळवणी, सापडलेली वस्तू, खोली, दोन ठरावीक खांबांपासूनचे अंतर, आणि कोणी काढली याची नोंद होते. गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलींना भरावाच्या कोपऱ्यात बारा सेंटिमीटरवर एक भोकाचा पैसा मिळाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला. वर्गात एकच गलका झाला. कोणी म्हणाले, येथे तेव्हा बाजार भरत असेल. कोणी म्हणाले, एखाद्या शिपायाच्या खिशातून पडला असेल. आम्ही नाणे न घासता कागदात ठेवायला सांगितले आणि विचारले, हा कोपरा कधी भरला? माती कोठून आली? हळूहळू गलका ओसरला. ज्या मुलीला नाणे सापडले होते तिनेच वही ओढून घेतली आणि शेवटच्या रकान्यात लिहिले : "भरावातील वस्तू. मूळ जागा अज्ञात."